घाटावरचा तिसरा दगड

“...पण आबा, माझंच चित्र का राहिलं?”

आबा कासार वर्तमानपत्राची घडी घालत होते. ती नीट घालून झाली, तशी त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

बेलकुंडीच्या सार्वजनिक वाचनालयात गावातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं होतं. आठ दिवस चित्रं भिंतींवर. नवव्या दिवसापासून मात्र आबांची एक वेगळीच टूम होती. ज्याला जे चित्र आवडेल ते त्याने पुस्तकासारखं घरी न्यायचं. वाचनालयाचं कार्ड दाखवायचं, रजिस्टरात नोंद करायची आणि महिन्याने परत आणून द्यायचं.

बावीस चित्रं होती. नवव्या दिवशी दुपारपर्यंत एकवीस गेली. कंपाउंडरबाईंनी काढलेल्या लोणच्याच्या बरण्या सगळ्यात आधी गेल्या. दिगंबर टेलरच्या म्हशीला चार पाय की पाच, यावर आठ दिवस वाद चालला होता. तीसुद्धा गेली.

राहिलं ते मुकुंद हिरवेचं. दारासमोरच्या भिंतीवरचं, सगळ्यात मोठं.

मुकुंदच्या जिवाची घालमेल व्हायला कारण होतं. आबा चाळीस वर्षं वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी मुलांना चित्रकला शिकवत आले होते. आता गुडघ्यांना जिना झेपेना. वर्ग कुणाच्या हाती द्यायचा, हे ते महिन्याच्या शेवटी, सगळी चित्रं परत आली की सांगणार होते.

मुकुंदने पहिला ब्रश त्याच माडीवर धरला होता. पुढे शहरात पाच वर्षं शिकून तो गावी परतला तो या वर्गासाठीच. वर्ग त्याला मनापासून हवा होता. फक्त तो आपल्यालाच मिळणार, याची खात्री जरा जास्त होती.

“लोकांना कळत नाही, दुसरं काय,” शेवटी त्यानेच स्वतःला उत्तर दिलं.

आबा उठले आणि चित्रापुढे जाऊन उभे राहिले. त्यांची मान किंचित डावीकडे कलली. उद्घाटनाच्या दिवशीही ती अशीच कलली होती. मुकुंदने ती दाद समजून मनात जपून ठेवली होती.

चित्रात नदीवरचा जुना घाट होता. धुणं धुवायचे पाच दगड, भर दुपारचं ऊन, आणि माणूस एकही नाही. बंधारा झाला तेव्हा तो घाट पाण्याखाली गेला. मुकुंदने एक जुना फोटो मिळवून त्यावरून चित्र काढलं होतं. नाव दिलं होतं ‘एकांत’. त्या एकांताचा अर्थ सांगणारं दोन पानी टिपण शेजारी डकवलं होतं आणि त्याखाली एक कार्ड होतं. ‘कृपया हात लावू नये.’

आबांनी कार्डावर बोट ठेवलं.

“हे कुणी लिहिलं?”

“मीच. लोक कशालाही हात लावतात.”

“मग लावला कुणी?”

“नाही.”

“आपल्या गावातली माणसं सांगितलेलं ऐकतात रे,” आबा म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्राकडे गेले.

मुकुंदने रागारागाने ते कार्ड काढलं आणि खिशात कोंबलं.

“आता हात लावू का?”

मागे एक म्हातारी उभी होती. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, शाळेत उभं करतात तसे.

“या भागीरथीबाई सोनटक्के. परीट आळीत राहतात,” ग्रंथपाल बर्वेबाई टेबलामागून म्हणाल्या. “आठ दिवस रोज येतायत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून हात न लावायची पाटी मीच वाचून दाखवली. तेव्हापासून हात मागे. काल तर त्यांनी वाचनालयाचं कार्डसुद्धा काढलं.”

भागीरथीबाईंनी चित्राच्या चौकटीला हात लावला.

मुकुंदला हुरूप आला. “आजी, या चित्राचा अर्थ असा आहे, की माणूस जेव्हा...”

आबा खाकरले. मुकुंदने वळून पाहिलं. आबांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं होतं. ‘शांतता राखा.’

म्हातारीने बर्वेबाईंच्या रजिस्टरात अंगठा उठवला, चित्र चादरीत गुंडाळलं, बाहेर उभ्या असलेल्या इस्त्रीच्या हातगाडीवर आडवं ठेवलं आणि गाडी ढकलत ती निघून गेली. दोन पानी टिपण भिंतीवरच राहिलं.

महिना गेला.

मुदतीच्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून चित्रं परत येऊ लागली. या वाचनालयाच्या सभासदांना पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने शेरा मारायची जुनी खोड. तीच त्यांनी चित्रांच्या पाठीवर दाखवली. आबा लांब टेबलाशी बसून एकेक शेरा वाचत होते आणि मनापासून हसत होते.

बरण्यांच्या मागे लिहिलं होतं : ‘दुसऱ्या बरणीचं झाकण नीट बसलेलं नाही. बाकी उत्तम.’

म्हशीच्या मागे : ‘आमच्या मामंजींचा हिच्यावर जीव जडला आहे. पुन्हा मिळेल का?’

चार वाजता टेबलावर एकवीस चित्रं होती.

“आबा, माझं आल्याशिवाय ठरवू नका.”

“त्यांची मुदत आज आठपर्यंत आहे.”

“तुम्ही पाचला सांगणार. मी जाऊन घेऊन येतो, दहा मिनिटांत.”

“आण,” आबा म्हणाले.

परीट आळीत भागीरथीबाईंची एकच खोली होती. कोळशाची इस्त्री, कपड्यांचे गठ्ठे आणि दारातून येणारं ऊन जिथे पडत होतं त्या भिंतीवर चित्र.

“आलात व्हय? मी येनारच हुते साडेसातला. शेवटचा दिस पुरता घ्यावा म्हटलं,” असं म्हणत तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि न सांगताच चित्र उतरवलं. ते उलटं झालं तशी मुकुंदची नजर मागच्या लाकडी पट्टीवर गेली. तिथे दोन काळी टिंबं होती आणि खाली एक आडवी रेघ.

“हे काय केलंत?” त्याचा आवाज चढला.

“खूण. बिब्ब्याची हाय, जायची न्हाई.”

“कसली खूण?”

“तुमच्या घरची.”

मुकुंदला कळेना.

“तुमच्या आईच्या लुगड्यांना हीच हुती. तुमच्या शाळेच्या सदऱ्यालाबी, कॉलरच्या आतनं. बावीस वर्सं तुमच्याकडचं धुनं मीच न्हेलं की. आता तिथं येवढी चित्रं जमनार. अदलाबदल झाली म्हंजे? खूण असली की ज्याचं त्याच्या घरी पोचतं.”

चित्राच्या पुढच्या कोपऱ्यात मुकुंदची सही होती, चांगली बोटभर लांब. ती तिला वाचता येत नव्हती.

दोन टिंबं आणि एक रेघ. दहा वर्षं ती खूण मानेशी बाळगून तो शाळेत गेला होता आणि ती घालणारी बाई समोर उभी राहिली तर त्याने तिला ओळखलंही नव्हतं. मुकुंदला लाज वाटली.

मग त्याने विचारलं, “आजी, तुम्हाला यात काय दिसतं?”

महिन्याभरात त्याने कुणालाही हे विचारलं नव्हतं.

“घाट.”

“आणखी?”

“दुपार झालीया. आमी समद्याजणी वर लिंबाखाली भाकरी खायला गेलोय, म्हनून कुनी दिसत न्हाई...” तिने चित्राकडे पाहिलं. “आता येतीलच.”

एकांतावर मुकुंदने दोन पानं लिहिली होती, आणि त्या बायका भाकरी खायला गेल्या होत्या.

“येक सांगू? राग न्हाई ना येनार?”

“सांगा.”

भागीरथीबाईंनी डावीकडून तिसऱ्या दगडावर तळवा ठेवला. “ह्यो माझा. सासूनं दिल्याला. तुमी सपाट काढलाय. त्यो नदीकडं कलता हुता, इवलासा. सपाट दगडावर पानी साचतं. धुनं निघत न्हाई.”

हे सांगताना तिची मान किंचित डावीकडे कलली.

मुकुंद त्या कललेल्या मानेकडे बघत राहिला. अशी मान त्याने आधीही पाहिली होती, आबांची, दोनदा. दाद म्हणून जपून ठेवलेली ती गोष्ट त्याच्या मनातून तिथल्या तिथे गळून गेली. गंमत म्हणजे त्याला त्याचं वाईट वाटलं नाही.

तिने इस्त्रीची पांढरी चादर घेतली, चित्र घडीत नीट बसवलं आणि त्याच्या हातात दिलं.

“न्या. तुमचंच हाय.”

मुकुंदने चित्र घेतलं आणि दारापर्यंत गेला. दारात थांबून त्याने मागे पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा होता, आणि त्याच्यावर ऊन पडलं होतं.

तो परत आला. चादर सोडली आणि चित्र पुन्हा खिळ्याला टांगलं.

“राहू दे, आजी.”

“आज मुदत सरती की.”

“ते मी बघतो.”

वाचनालयात सगळे चित्रकार जमले होते. पाच वाजायला आले होते. मुकुंद आत आला तो सरळ बर्वेबाईंच्या टेबलाशी गेला. त्याने रजिस्टर आपल्याकडे वळवून घेतलं, अंगठ्याची ओळ शोधली, त्यापुढे ‘मुदतवाढ, एक महिना’ असं लिहिलं आणि खाली सही केली. या वेळी सही लहान आली. मग तो आबांपुढे जाऊन उभा राहिला.

“आणलंस?”

“नाही.”

“मग मी बघू काय?”

“माझं चित्र यात धरू नका, आबा.”

कुणाची तरी खुर्ची करकरली. कंपाउंडरबाई दिगंबर टेलरकडे बघू लागल्या.

“वर्ग हवा होता ना तुला?”

“अजून हवाय.” मुकुंदचा आवाज स्थिर होता. “पण तुम्हाला वाटेल त्याला द्या. मी मागच्या बाकावर येऊन बसेन. मला अजून दगड काढता येत नाही.”

आबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि माडीची किल्ली काढली. झिजून झिजून आखूड झालेल्या एका ब्रशच्या दांडीला ती बांधलेली होती. त्यांनी ती मुकुंदच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

“उद्या आठला उघड,” आबा म्हणाले. “पोरांना घाट काढायला सांग. तिसरा दगड नदीकडे कललेला.”