तीर्थाच्या वाटीवरचं वटवाघूळ

जुन्या वस्तूंची नोंद करायला शहरातून आलेल्या साहेबांना मी दोनदा सांगितलं, या वटवाघळाचे पंख पडून तुटलेले नाहीत, तासलेले आहेत. त्यांनी वहीत लिहिलं, 'हाताळून झीज.' चौथी शिकलेल्या गुरविणीचं कोण खरं धरतो? तुम्ही तरी बघा. छिन्नीचे घाव नुसत्या डोळ्यांना दिसतात.

ही वेळखोलच्या भगवतीची तीर्थाची वाटी. चिनी जेड, हिरवा दगड. पोटावर खालचा जबडा नसलेलं जनावराचं तोंड, कडीवर वटवाघूळ.

फार पूर्वी खाडीच्या तोंडाशी गलबत फुटलं, त्यातला एक चिनी कारागीर वाचला, असं सांगतात. एकट्या राहणाऱ्या आवडूने त्याला घरात ठेवून बरं केलं. जाताना त्याने ही वाटी देवीला वाहिली. आवडूला समजावलं म्हणे, हे तोंड आमच्या पूर्वजांच्या काशाच्या भांड्यांवरचं, जुन्यावरून मी नवं कोरलं. आणि वटवाघूळ म्हणजे घरात सुख.

तोंड गावाला पटलं. आमच्या उंबऱ्यावरच्या कीर्तिमुखालाही खालचा जबडा नाही. वटवाघूळ मात्र खुपलं. त्यात पटकीची साथ आली. खोत म्हणाला, "हे पाखरू आधी उडवा."

आवडू म्हणाली, "ते अशुभ नाही. त्यांच्यात सुख असंच काढतात."

"चिन्याची बायको झालीस काय गं?" लोक हसले.

खोताने स्वतः पंख तासले, साथीचा दोष आवडूवर घातला आणि तिला गावाबाहेर काढलं. वेशीवर ती म्हणाली, "तासणाऱ्याचं नाव देवीपुढे घेईपर्यंत हिच्यात पाणी ठरायचं नाही."

ठरलं नाही. भोक नाही, चीर नाही, तरी वाटी कोरडी. गावाने चिन्याला दोष दिला, आवडूला दिला. खोताचं नाव घ्यायची कुणाची छाती होईना. सगळे त्याचीच जमीन कसत होते.

पुढच्या साथीत खोताची नात पडली. पोरीला तीर्थ हवं होतं. तिची आई, खोताची सून, वाटी घेऊन देवीपुढे उभी राहिली. सुनेने सासऱ्याचं नाव जिभेवर आणायचं नसतं. तिने ते सगळ्या गावादेखत घेतलं. पाणी ठरलं, पोर जगली. आवडूला आणायला माणसं गेली, तेव्हा ती खाडीपल्याड मरून महिना झाला होता.

आजही देवळामागच्या वडावरची वटवाघळं इथे कुणी हाकलत नाही. आणि आजही वाटी भरण्याआधी ते नाव घ्यावंच लागतं, पाहुण्यांनासुद्धा. करा हात पुढे. मोठ्याने म्हणा.

विसाजी खोत.