नाकतोडीचं माप कौलांवर

एका गोठ्याजवळ एक वीट होती. विटेखाली एक घर होतं. त्या घरात आज नवी नवरी येणार होती.

नवरी म्हणजे एक नाकतोडी. नाव ठुमकी. एवढीश्शी! अंगावर हळदच हळद. पाठीवर शेला. शेल्याला गाठ. गाठीच्या दुसऱ्या टोकाला नवरदेव.

दारात माप ठेवलं होतं. माप म्हणजे शेंगदाण्याचं टरफल. टरफलात तांदळाच्या कण्या. नवरीने माप उजव्या पायाने घरात लवंडायचं. मगच आत यायचं. अशी त्या घरची रीत.

सासूबाई म्हणाल्या, "हं, सूनबाई! उजवा पाय!"

ठुमकीने खाली पाहिलं. नाकतोडीला पाय सहा. उजवीकडे तीन.

"कुठला हो, सासूबाई?"

"पुढचा!" सासूबाई म्हणाल्या.

"छे, मधला!" आत्याबाई म्हणाल्या.

"मागचा! आमच्यात मागचाच!" मामंजी म्हणाले.

पुढचा, मधला, मागचा. मागचा, मधला, पुढचा. ठुमकी नाचली टुणुक टुणुक. हळद उडाली भुरुभुरु. गेली गोठ्यातल्या म्हशीच्या नाकात.

म्हैस शिंकली. फ्यँऽऽक्-छीं!

माप उडालं. गेलं थेट गोठ्याच्या कौलांवर. कौलांवर मनीमावशी झोपली होती, अंगाचं वेटोळं करून. माप पडलं वेटोळ्याच्या मधोमध.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "आता माप आण, तरच आत ये."

नवरदेव म्हणाला, "मी काय म्हणतो..."

"अहो, थांबा जरा!" ठुमकी म्हणाली.

आणि निघाली. पुढे ठुमकी, टुणुक टुणुक. मागे नवरदेव, धप्प धप्प.

कौलांवर आली.

"मनीमावशी, मनीमावशी! आळस दे ना! माप खाली पाड ना!"

मनी म्हणाली, "मी नाही जा! ढगाने ऊन झाकलंय. ऊन आलं, की आळस देईन."

नवरदेव म्हणाला, "मी काय म्हणतो..."

"अहो, थांबा जरा!"

टुणुक टुणुक. धप्प धप्प. टेकडीवर आली.

"ढगोबा, ढगोबा! बाजूला हो ना!
मनी आळस देईना,
माप खाली येईना,
आत कुणी घेईना!"

ढग म्हणाला, "मी नाही जा! कोंबडा बांग देईल, तर मी दचकेन. दचकलो, की टेकडीपलीकडे जाईन."

नवरदेव म्हणाला, "मी काय म्हणतो..."

"अहो, थांबा जरा!"

टुणुक टुणुक. धप्प धप्प. उकिरड्यावर आली.

"कोंबडेदादा, कोंबडेदादा! बांग दे ना!
ढग बाजूला होईना,
मनी आळस देईना,
माप खाली येईना,
आत कुणी घेईना!"

कोंबडा म्हणाला, "खर्रर्र! मी नाही जा! घशात मक्याचा दाणा अडकलाय. खर्रर्र! बेडूक हसवेल, तर मी हसेन. हसलो, की दाणा बाहेर."

नवरदेव म्हणाला, "मी काय..."

"अहो, थांबा जरा!"

टुणुक टुणुक. धप्प धप्प. गोठ्यात घागर होती. घागरीत बेडूक होता.

"बेडूककाका, बेडूककाका! बाहेर ये ना!
कोंबडा बांग देईना,
ढग बाजूला होईना,
मनी आळस देईना,
माप खाली येईना,
आत कुणी घेईना!"

घागरीतून आवाज आला, "डराँव! मी नाही जा! काठ उंच. बाजू गुळगुळीत. म्हैस घागरीत शिंकेल, तर मी बाहेर."

म्हैस शेजारीच होती. रवंथ करत होती.

"म्हशीताई, म्हशीताई! शिंक ना!
बेडूक बाहेर येईना,
कोंबडा बांग देईना,
ढग बाजूला होईना,
मनी आळस देईना,
माप खाली येईना,
आत कुणी घेईना!"

म्हैस म्हणाली, "शिंक काय मागून येते होय? मघाशी आली. आता नाही."

ठुमकी घागरीला टेकली. डोळ्यांत पाणी आलं. तिने डोळे पुसले. पुढच्या पायाला काय लागलं?

हळद!

ठुमकी घागरीच्या काठावर चढली. म्हशीच्या नाकासमोर नाचली. टुणुक टुणुक टुणुक! हळद उडाली भुरुभुरु.

म्हशीचं नाक हललं. नाक फुगलं. "आँ... आँ..."

फ्यँऽऽक्-छीं!

म्हशीने बेडूक शिंकला घागरीबाहेर. तो पडला उकिरड्यावर. पचाक्!

बेडकाने गाल फुगवले. डोळे फिरवले. कोंबडा हसला, खो खो खो! दाणा घशाबाहेर. टण्!

कोंबड्याने बांग दिली. कुकूच्-कू! ढग दचकला. गेला टेकडीपलीकडे.

ऊन आलं मनीच्या पाठीवर. मनीने आळस दिला. लांऽऽब! माप निघालं घरंगळत. गडगड, गडगड, टप्प! पडलं थेट विटेच्या दारात. चार कण्या सांडल्या. बाकीच्या आतच.

टुणुक टुणुक. धप्प धप्प. ठुमकी आली दारात.

"पुढचा!" सासूबाई म्हणाल्या.

"मधला!" आत्याबाई म्हणाल्या.

"मागचा!" मामंजी म्हणाले.

ठुमकीने उचलले तिन्ही!

धडाम!

माप घरात. कण्या घरात. कोलांटी खात ठुमकी घरात. गाठ ताणली, सुर्रर्र! नवरदेवही घरात.

सगळे हसले. सासूबाई सगळ्यात जास्त.

मग ठुमकी म्हणाली, "अहो, आता बोला. काय म्हणत होतात?"

नवरदेवाने शेला झटकला. "मी काय म्हणतो, घरात दुसरं टरफल होतं की."

ठुमकीने डोळे मोठ्ठे केले.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू 'थांबा' म्हणालीस. मी थांबलो."

मग कण्यांची खीर झाली. पहिली वाटी ठुमकीला. दुसरी म्हशीला. खीर संपली, वाटी पुसली, विटेखाली गोष्ट निजली.