एका वायरीची दोन टोकं

सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी विहारातलं नेट बंद पडलं आणि उत्पला एकेक वायर चाचपू लागली.

“सगळ्या वायरी लागल्यात, भन्ते. एकही सुटलेली नाही. मग काहून नाही चालत?”

भन्ते बोधिकेतू खिडकीशी बसून फाटल्या चिवराला टाके घालत होते. भिक्खू होऊन चिवर घेण्याआधी त्यांनी अर्ध्या जिल्ह्यात नेटच्या लाइनी टाकल्या होत्या. आता ते विहारात धम्म शिकवायचे, आणि वस्तीतल्या बायापोरींना नेटवर्किंगही.

उत्पला त्यांची सगळ्यात तल्लख शिष्या. शाळा सातवीतच सुटलेली. पण वायरीतले रंग ओळखण्यापासून सुरुवात करून ती आता दोन वेगळी नेटवर्कं एकमेकांना जोडून द्यायची. हे तिलाही चांगलंच ठाऊक होतं. सकाळी आल्या आल्या म्हणाली होती, “वायरी-बियरी झालं माझं, भन्ते. आता मोठं काहीतरी शिकवा.”

आत्ता मात्र तिला काही शिकायचं नव्हतं. घरी चिनूला ताप होता. दीड वर्षाचं लेकरू सासूजवळ ठेवून ती आली होती. विहार टेकडीच्या कुशीत, मोबाइलला रेंज नाही. घरची खबर यायची ती याच नेटवरून.

“सकाळपासून किती वेळा विचारलंस घरी?” भन्तेंनी सुईवरून नजर न काढता विचारलं.

“मोजलं नाही.”

“काय म्हणाल्या सासूबाई?”

“कणकण आहे म्हणाल्या. म्हणून परत विचारलं. मग परत...”

वरच्या मजल्यावर वसतिगृहाच्या पोरींचा नेटवरून क्लास चालू होता. जिन्यातून एकीचा आवाज आला, “उत्पलाताई, मॅडम तोंड उघडून तशाच थांबल्या हायेत.”

“बघते गं.”

उत्पलानं कॉम्प्युटरवरून पिंग मारली. म्हणजे पलीकडच्या यंत्राला हाक द्यायची, आणि ‘आहे’ असं उत्तर येतं का ते पाहायचं. उत्तर आलं नाही. तिनं परत हाक दिली. परत दिली...

भन्ते उठले. भिंतीवर स्विचचा डबा होता, सगळ्या वायरी त्यात येऊन भेटायच्या. त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले.

“दिवे बघ.”

सगळे हिरवे दिवे एकदमच लुकलुकत होते. क्षणाची उसंत नाही.

“लई काम चाललंय याचं,” उत्पला म्हणाली.

“कुणासाठी?”

उत्पला वाकून दिव्यांकडे बघू लागली.

“इथं हात लावला होतास का?”

“झाडताना. दुरुस्तीला गेलेल्या कॉम्प्युटरची वायर खाली लोंबत होती. बरं दिसेना. डब्यावर एक पोर्ट रिकामा होता, दिली त्या खाचेत खोचून.” मग जरा ताठ्यानं, “मी कुठं काही लोंबतं ठेवत नाही, भन्ते.”

“तिचं दुसरं टोक कुठं आहे?”

उत्पलानं वायरीवर बोट ठेवलं. बोट टेबलामागं उतरलं, वळलं, वर आलं... आणि त्याच डब्याशी थांबलं.

“अगंबाई.”

“काय होत असेल आत? सांग.”

“कुणीतरी विचारतं, अमका पत्ता कुणाचा. डबा ते सगळ्या वायरींतून पुढं सांगतो. या वायरीतूनही.” ती सावकाश बोलू लागली. “ते फिरून त्याच्याकडेच येतं. त्याला वाटतं, कुणी नवीनच विचारतंय. तो परत सगळ्यांना सांगतो... परत ते फिरून येतं...”

“आणि उत्तर?”

“उत्तराला यायला जागाच नाही राहत.”

हात लांबवून भन्तेंनी तेवढी वायर उपसली आणि लोंबती सोडून दिली.

दिवे शांत झाले. एक लुकलुकला, थांबला. थोड्या वेळानं दुसरा.

उत्पलाचा हात फोनकडे गेला...

तिथंच राहिला.

भन्ते परत खिडकीशी जाऊन बसले. टाका पडला, दुसरा पडला. उत्पला फोनकडे बघत होती. तोंडात पदराचं टोक. पण तिनं घरी परत विचारलं नाही.

फोन थरथरला. तिनं उचलला. सासू होती.

“कवाची लावून रायली मी, तुहा फोन लागूनच नाही रायला. ताप उतरला त्याचा. पेज पेला अन् झोपला. तू नको घोर करू, मी बी लेकरं वाढोली हायेत.”

उत्पला तिथंच फरशीवर बसली. डोळे पुसता पुसता तिला हसू आलं.

“भन्ते,” ती म्हणाली, “हा धडा सुरुवातीचा होता की शेवटचा?”

भन्तेंनी दातानं दोरा तोडला.

“वरच्या पोरींना जाऊन सांग, वाट मोकळी झाली म्हणून,” ते म्हणाले. “आणि एकदाच सांग.”