दोन बोटं माया

ऊन कसं असतं ते चिंगीच्या पाठीला विचारावं, पोरांनो. आठ महिन्यांची एवढीशी पोर, आणि मानेपासून कमरेपर्यंत नुसतं घामोळं. अंगात कुणीतरी दिलेला नायलॉनचा फ्रॉक. झालर दिसायला गुलाबी गुलाबी, लागायला काटेरी. काढून ठेवावा तर माश्या आणि मुंगळे. आईचं जुनं लुगडं होतं, ते दुपट्यांत आणि कुंच्यांत कधीच विरून गेलं. आईबाप भल्या पहाटे जंगलात तेंदूची पानं तोडायला जायचे. मग घरात उरायच्या दोघी. रडणारी चिंगी, आणि तिला कडेवर घेऊन फिरणारी तिची ताई येसू. वय वर्षं नऊ, राग नाकाच्या शेंड्यावर.

येसूला एकच हवं होतं. चिंगीसाठी पातळ सुती झबलंचड्डी. वर झबलं, खाली चड्डी, मधे कंबर नाही, बाही नाही. वारा इकडून शिरावा अन् तिकडून निघावा.

गावात कपडे शिवायची ठमाकाकू. तिच्या मशीनमागं चिंध्यांचं गाठोडं होतं, डोंगराएवढं. दारात दोन महिन्यांचा नातू पाळण्यात किरकिरत होता.

"काकू, चार चिंध्या द्या ना. जोडून शिवीन मी."

"चिंध्या काय झाडाला लागतात?" ठमाकाकूनं मान वर केली नाही. "अन् शिवणार कोण? तू? आधी नाक पुसायला शीक."

"माझं कोरडं आहे. नातवाचं गळतंय, ते पुसा."

"नीघ! जीभ बघा कार्टीची, ताग्याएवढी लांब!"

येसू निघाली ती तणतणत थेट रानाच्या कडेला. तिथं सावरीचं मोठं झाड होतं. उन्हाळ्यात त्याची बोंडं तडकतात आणि आतला रेशमी कापूस भुरुभुरु उडतो. पोरं त्याला म्हातारी म्हणतात. येसूनं झाडाला सणसणीत लाथ घातली.

"लागतात का रे तुला चिंध्या? बोल की!"

सावरीच्या खोडाला काटे असतात. काटा पायात गेला. येसू एका पायावर नाचायला लागली, तशी चिंगी रडायची थांबून हसली. आणि वरून एक म्हातारी तरंगत तरंगत खाली आली. चिंगीच्या नाकावर टेकली, चमचमली, फुलली आणि तिची झाली एक इवलीशी परी. अंगठ्याएवढी! चंदेरी केस, अबोली परकर, दवाच्या थेंबांच्या इटुकल्या बांगड्या.

"माझ्या घराला लाथ कुणी गं मारली?" परी गोड आवाजात म्हणाली.

"मी मारली. आणखी मारीन."

"रागावलीस?"

"मग काय ओवाळू? पोरीची पाठ बघ आधी!"

परीनं पाठ पाहिली. तिचे पंख मिटले. मग ती हळूच म्हणाली, "तीन इच्छा देते. पण नियम आहेत हं. शिवलेलं तयार मागायचं नाही. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि एकदा बोललीस की शब्द मागं घेता येणार नाही."

"तयार द्यायचं नाही तर परी कशाला झालीस?"

"शिवायला तुला हात आहेत ना!"

"आहेत," येसू गुरगुरली. "कापड दे. मऊ."

फांदीवरून कापड ओघळलं. आभाळासारखं निळं, वर पिवळे पिवळे ठिपके, हातात घेतलं तर हात भरल्यासारखा वाटू नये इतकं हलकं. येसूनं ते घरी नेलं, दुहेरी घातलं, त्यावर चिंगीला उताणी निजवली आणि कोळशानं तिच्या भोवतीनं रेघ मारली. आईची गंजकी कात्री घेतली आणि बरोब्बर रेघेवरून कापलं. मग दोन दुपारी बसून धावदोरा घातला. बोटाला सुई टोचली की ती ठमाकाकूचं नाव घ्यायची.

झालं तयार. घालायला गेली, तर मांडीशीच अडकलं! ओढलं, तशी चिंगीनं भोकाड पसरलं.

येसूच्या वेणीत बसलेली परी म्हणाली, "येसू, माया कुठाय यात?"

झालं! येसू अशी भडकली की चुलीजवळची मांजर पळाली.

"माया नाही? मला? तिला पोटाशी धरून मी रात्र रात्र वारा घालते, माझ्या वाट्याचा गूळ तिला चाटवते, आणि तू, बोटाएवढी, माझी माया काढतेस?"

"अगं वेडाबाई!" परी हसू दाबत म्हणाली. तिनं आपल्या अबोली परकराची शिवण उलटी करून दाखवली. आत जास्तीचं कापड दुमडलेलं होतं. "शिवणीत आत जाण्यापुरतं कापड सोडतात ना, त्याला माया म्हणतात. ती रेघेच्या बाहेर ठेवायची. दोन बोटं. पोर वाढली की उसवायचं आणि सैल करायचं."

येसूनं परकराची शिवण निरखून पाहिली. मग म्हणाली, "आधी सांगायला काय झालं होतं?"

दुसऱ्या इच्छेनं पुन्हा कापड आलं. या वेळी येसूनं रेघेबाहेर दोन बोटं माया ठेवली. उलट्या बाजूनं शिवलं, गळा दुमडला, मांड्यांना नेफा करून नाडी ओवली. चिंगीला घातलं. चिंगीनं पाय झाडले, हात झाडले आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपली. कापडातून वारा खेळत होता.

आता उरली एक इच्छा. ती कशासाठी, ते येसूनं केव्हाच ठरवलं होतं.

"ठमाकाकूच्या मशीनची सुई दर टाक्याला मोडावी, असं मागणार! मी स्वतःसाठी थोडीच मागतेय? तिच्यासाठीच आहे. पण तिच्यासमोर उभी राहूनच म्हणणार."

चिंगी कडेवर, परी वेणीत, आणि ते पहिलं तोकडं झबलं काखेत. ठमाकाकूला दाखवायचं होतं ना, बघा, शिवता येतं म्हणून!

पण दारात पोचली तर आतून टाहो ऐकू आला. नातवाला साटिनचा झगझगीत अंगरखा घातलेला, तो काखेत असा काचलेला की कातडी सोलवटली होती. ठमाकाकू घामाघूम. "निघत नाही गं! ओढलं की जास्तच रडतोय!"

ओठावर आलेली इच्छा येसूनं गिळली. मशीनवरची कात्री उचलून काखेतली शिवण उसवली आणि अंगरखा सोडवला. आत बघते तर काय, शिवणीला सुतभरसुद्धा माया नाही! गिऱ्हाइकांची माया कापून कापून ठमाकाकूनं ते गाठोडं भरलं होतं. गावात म्हणून तर सगळ्यांचे कपडे काचायचे.

चिंगीला न झालेलं निळं झबलं नातवाच्या अंगात अलगद उतरलं. पोर हुंदके देत देत निजलं.

मग मात्र येसू कडाडली. "काकू, हाताला चोरीची इतकी सवय? सख्ख्या नातवाची माया चोरलीत तुम्ही!"

ठमाकाकूची नजर गाठोड्याकडे गेली.

"सुई मोडू?" परी कानात कुजबुजली.

"नको. मोडक्या सुईनं कुणाचं अंग झाकतंय? ज्याची माया त्याला परत जाऊ दे. आत्ताच्या आत्ता!"

गाठोड्याची गाठ सुटली. पोपटी, हळदी, मोरपंखी, डाळिंबी चिंध्या फुलपाखरांसारख्या भिरभिरत दाराबाहेर पडल्या आणि ज्याच्या त्याच्या शिवणीत जाऊन बसल्या. पाटलीणबाईंचं पोलकं सैल झालं. शाळेतल्या पोरींचे हात खांद्याच्या वर गेले. गुरुजींच्या पँटचं बटण सहा वर्षांनी लागलं! ज्यांना धनी उरला नव्हता त्या चिंध्या सावरीवर जाऊन लटकल्या. हव्या त्यानं न्याव्या.

"बघा काकू," येसू म्हणाली, "लागतात झाडाला."

ठमाकाकूनं पदरानं डोळे पुसले. "येसू, काखेत किती ठेवू गं माया?"

"दोन बोटं. तुमचीच धरा, जाड आहेत."

परी खुदकन हसली. "स्वतःसाठी तू मागायचं नाहीस, असा नियम होता. मी द्यायचं नाही, असा नव्हता." तिनं चिंगीच्या झबल्याच्या शिवणीवरून इवलंसं बोट फिरवलं. लख्ख सोनेरी उजेड झाला, उजेडातून एक पांढरी म्हातारी वर वर गेली, आणि मग नुसतं निळं आभाळ राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात चिंगी वाढली. येसूनं शिवण उसवली, झबलं सैल केलं. आत बघितलं, तर दोन बोटं माया शिल्लक. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात उसवली, तरी दोन बोटं शिल्लक. चिंगी शाळेत गेली तेव्हाही तेच. आता ते झबलं चिंगीची लेक घालते.

खोटं वाटतं? जा, उसवून बघा. पण परत नीट शिवून ठेवा, नाहीतर गाठ येसूशी आहे.