घरून निरोप नाही

सिडनीच्या पश्चिमेला, जिथे पूर्वी वीटभट्ट्यांची वस्ती होती, तिथे कुलाबिन क्लबचं मैदान आहे. नाव ऐकून आपल्याकडच्या माणसाला कुलाबा आठवतो, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. उन्हाळ्यात दर शनिवारी इथे ग्रेड क्रिकेटचे सामने होतात, म्हणजे शहरातल्या वस्त्यावस्त्यांच्या क्लबांची जुनी स्पर्धा. या मैदानावर कुणी शतक केलं की टाळी वाजत नाही, मग तो घरचा खेळाडू असो की पाहुण्या संघातला. खेळ थांबतो. स्कोअरर वही मिटतो, खेळपट्टीपर्यंत एकटा चालत जातो आणि फलंदाजाला सांगतो, "घरून निरोप नाही." फलंदाज मान हलवतो, स्कोअरर परत येतो आणि पुढचा चेंडू पडतो.

बावीस वर्षं हे काम मूळचे सांगलीचे दिनकर धारप करत आहेत. नवीन आलेल्यांना ते पॅव्हेलियनच्या पायरीवर बसवून ही गोष्ट सांगतात. त्यांना ती आधीच्या स्कोअररनं सांगितली होती, त्याला त्याच्या आधीच्यानं.

गोष्ट १९२७ सालची. तेव्हा पर्सी ग्रिग्ज नावाचा माणूस इथे स्कोअरर होता. त्याचा एक पाय जन्मापासून आखूड. खेळणं नशिबात नव्हतं, पण क्रिकेटवर जीव. अल्फ ट्रेविन या भट्टीवरच्या कामगारानं त्याला क्लबात आणलं, वही मिळवून दिली. दूरच्या मैदानावर सामना असला की अल्फ त्याला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा. अल्फ संघाचा सलामीचा फलंदाज. कप्तान होता मॅडर्न, भट्टीचा मुकादम. मैदानावर काय आणि भट्टीवर काय, शब्द त्याचाच चालायचा.

त्या वर्षी कुलाबिन पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचलं होतं. शेवटच्या दिवशी जिंकायला दोनशे एकतीस धावा हव्या होत्या. एका बाजूनं गडी पडत होते आणि दुसरी बाजू अल्फनं धरून ठेवली होती. मॅडर्न लवकर बाद होऊन पॅव्हेलियनमध्ये बसला होता.

अल्फची बायको आयव्ही दिवस भरलेली होती. चहाच्या आधी थोडा वेळ, तिची शेजारीण मिसेस पॅस्को तीन मैल उन्हातून चालत मैदानावर आली. स्कोअररचं टेबल फाटकाजवळच होतं, म्हणून ती आधी पर्सीकडे आली.

"अल्फला बोलवा. मूल अडलंय. डॉक्टर म्हणतात, भेटायचं असेल तर आत्ताच."

पर्सी उठला, पण त्याच्या आधी मॅडर्न येऊन उभा राहिला. त्यानं बाईंना पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुम्ही पुढे व्हा, बाई," तो म्हणाला. "तिच्याजवळ कुणीतरी हवं. मी त्याला तुमच्या मागोमाग पाठवतो."

बाई आल्या पावली परत निघाल्या. त्या वळणाआड जाईपर्यंत मॅडर्न पाहत राहिला. मग पर्सीकडे न बघताच म्हणाला, "वही लिही."

पर्सीनं वही लिहिली. लंगड्या माणसाला या क्लबात ही एवढीच जागा होती, आणि ती मॅडर्नच्या मर्जीवर होती. शिवाय तो मनाशी म्हणत होता, चहाला अल्फ आत येईल, तेव्हा त्याच्या कानात सांगू.

चहाला अल्फ आत आला. पॅड न सोडताच बाकावर टेकला, कप घेतला आणि पर्सीलाच विचारलं, "घरून काही निरोप?"

पर्सीनं तोंड उघडलं. मॅडर्न त्याच्या खुर्चीमागे उभा होता.

"घरून निरोप नाही," मॅडर्न म्हणाला. "तू निवांत खेळ."

अल्फनं पुन्हा पर्सीकडे पाहिलं. पर्सी पेन्सिलीला टोक करत होता.

चहानंतर तासाभरात ही गोष्ट बाकाबाकावर पसरली. मैदानावर तीनेकशे माणसं होती म्हणे, आणि शेवटी सगळ्यांना ठाऊक झालं होतं, अल्फ सोडून. कुणी कुंपण ओलांडलं नाही. जो तो म्हणत होता, आणखी थोडाच वेळ, आता एवढं होऊ दे. अल्फनं शतक पुरं केलं तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं. तशी टाळी तिथे कधी वाजली नव्हती. अल्फ लाजला. टोपी काढून त्यानं चारी बाजूंना दाखवली. पर्सीनं पेन्सिल खाली ठेवली आणि त्यानंही टाळ्या वाजवल्या.

सामना जिंकल्यावर मॅडर्ननं अल्फचा हात हातात घेतला आणि सांगितलं. कुणाच्या तरी मोटारीतून अल्फला घरी नेलं. पायांत अजून पॅड होते. आयव्ही गेली होती, पोटातलं मूलही गेलं होतं. मिसेस पॅस्को दारातच होती.

"शेवटपर्यंत विचारत होती, निघालाय ना," ती म्हणाली. "मी प्रत्येक वेळी सांगितलं, निघालाय."

सहा महिने अल्फ मैदानाकडे फिरकला नाही. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सभेला मात्र आला. सगळ्यांना वाटलं, भांडेल, हात उचलेल. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "त्या दिवशी ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी उभं राहा."

मग एक उठला, दुसरा उठला. शेवटी मॅडर्नही उठला. पर्सीला उठायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. तो उठेपर्यंत अल्फ थांबला.

"मी इथेच खेळणार," तो म्हणाला. "यापुढे या मैदानावर शतकाला टाळी वाजवायची नाही. मी शंभर केले की कुणीतरी मधे येऊन मला सांगायचं, घरून काय निरोप आहे ते. पर्सी सांगेल."

कुणीतरी हळूच म्हणालं, "मॅडर्ननं नको का सांगायला?"

"मॅडर्न मला कोण लागतो?" अल्फ म्हणाला.

त्यानंतर अकरा वर्षांत अल्फनं या मैदानावर तेरा शतकं केली, असं सांगतात. तेरा वेळा पर्सी आखूड पाय ओढत, सगळ्यांच्या देखत खेळपट्टीपर्यंत गेला आणि ज्याच्या घरी कुणीच उरलं नव्हतं त्या माणसाला म्हणाला, "घरून निरोप नाही." अल्फ दर वेळी ऐकून घ्यायचा आणि पुन्हा गार्ड घ्यायचा. एकदा पर्सी तिथेच रडायला लागला. "मला माफ कर, अल्फ," तो म्हणाला.

"ते मी विचारलं नव्हतं," अल्फ म्हणाला. "निरोप सांग."

पर्सीनं सांगितला.

अल्फची नव्वदी आली की पर्सी दर चेंडूला वहीतल्या धावा पुन्हा मोजायचा. अल्फ शहाण्णववर बाद व्हावा अशी त्यानं प्रार्थना केली आणि ती केल्याचीही त्याला लाज वाटली. वही सोडून द्यावी असं कितीदा मनात आलं. पण ती सोडली तर ते अल्फसमोरून पळून जाण्यासारखंच झालं असतं. मॅडर्नचं काहीच बिघडलं नाही. तो पुढे क्लबचा अध्यक्ष झाला. त्याचा चषक घेतलेला फोटो पॅव्हेलियनच्या भिंतीवर आहे.

अकराव्या वर्षी पर्सीच्या छातीत पाणी झालं. इस्पितळातून त्यानं अल्फला चिठ्ठी पाठवली: एकदा येऊन जा. चिठ्ठी भट्टीवर अल्फच्या हातात पडली. त्यानं ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पाळी संपेपर्यंत विटा उतरवत राहिला. पर्सी त्याच दुपारी गेला. दाराची चाहूल लागली की मान वळवत होता, असं तिथल्या परिचारिकेनं नंतर सांगितलं.

पुढच्याच शनिवारी अल्फनं चौदावं शतक केलं. नवा स्कोअरर वही मिटून मधे गेला आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "घरून निरोप नाही."

अल्फनं या वेळी गार्ड घेतला नाही.

"होता," तो म्हणाला. "मला वेळेत मिळाला होता."

त्यानं हातमोजे काढले, बॅट काखेत घेतली आणि खेळ अर्धवट टाकून चालू लागला. फाटकातून बाहेर पडला तो पुन्हा कधी मैदानावर आला नाही.

तो गेल्यावर क्लबानं ही रीत मोडायचं ठरवलं होतं म्हणे. पण पुढचं शतक झालं तेव्हा पहिली टाळी वाजवायला कुणाचाच हात उठला नाही, आणि स्कोअरर आपसूक चालू लागला.

आजही शतक झालं की दिनकर धारप वही मिटतात आणि निघतात. अलीकडे खेळणाऱ्यांत कुणाचं घर जळगावला असतं, कुणाचं लाहोरला, कुणाचं चार गल्ल्यांपलीकडे. पायरीवर गोष्ट ऐकताना काही जण हसतात. धारप म्हणतात, खेळपट्टी दहा पावलांवर आली की मी समोर बघत नाही, खाली गवताकडे बघत चालतो. मी काय सांगणार हे फलंदाजाला पाठ असतं. तरी त्या दहा पावलांत त्याचा चेहरा बघवत नाही.