धाकू तांडेलाचा नांगर

ऐका तर. फार वर्षांपूर्वी वेळसांडच्या खाडीवर धाकू तांडेल राहायचा. नाव धाकू, पण देह असा, की तो होडीत एका बाजूला बसला तर दुसऱ्या बाजूला चौघांना बसवावं लागे, असं म्हणतात.

या धाकूने एक होडी बांधली. मासे धरायला नाही हो, निव्वळ हौसेला! बायकोला, आवडीला, समोरच्या बेटावर फिरायला न्यायचं त्याच्या फार मनात होतं. पण आवडीचे वडील ओहोटीत वाहून गेलेले. ती म्हणाली, "आधी भरवशाचा नांगर आणा, मग बघू."

झालं! धाकू नांगर पारखायला लागला. नांगर चिखलात टाकायचा, होडी बरोबर त्याच्या डोक्यावर आणायची आणि दोर सरळ वर उपसायचा. नांगर आला वर, की नापास! त्या रेड्यापुढे काय टिकणार, कपाळ? किनाऱ्यावर नांगरांचा ढीग साचला. धाकू दिसला की लोहार भाता टाकून पळायचा, असं म्हणतात.

एकदा आवडी होडीतला चिखल धुवायला चढली. नवरा काठावर लोहाराशी भांडत होता. तेवढ्यात होडी बांधलेला खुंट उखडला आणि ओहोटीने होडी ओढली, थेट खाडीच्या तोंडाकडे, जिथे लाटा फुटतात तिथे.

"अहो, धरा!" आवडी किंचाळली.

धाकूचं काळीजच फाटलं. धावत जाऊन त्याने मागे फरफटणाऱ्या दोराचं टोक पकडलं आणि चिखलात टाचा रोवल्या. लांबलचक दोर आडवा ताणला. होडी ओढी तसा तो आणखी रुतला, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. होडी थांबली! भरती येईस्तोवर तो हलला नाही. पाणी नाकाशी आलं, मिशीत खेकडे बसले, असं म्हणतात.

भरतीने होडी परत आणली. गावाने काठावरून धाकूला ओढलं, गडी जागचा हलेना. मग आवडीने होडी त्याच्या डोक्यावर आणली. "आता सरळ वर ओढा रे!" एकच हिसका, आणि मुळा उपटावा तसा धाकू वर!

"अगं, म्हणजे नांगर सगळे चांगलेच होते की," तो धापा टाकत म्हणाला. "मीच आडवं ओढायचं सोडून वर ओढत होतो."

आवडीने रडत रडत त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

आजही वेळसांडला हौसेची होडी आली, की नांगर टाकून दोर लांब सोडतात आणि सगळं गाव काठावरून आडवं ओढतं. "धाकू, धर!" म्हणून ओरडतं. नांगर टिकला तरी होडीत कुणी चढत नाही. घरची बाई स्वतः दोर ओढून बघते, आणि तिचं समाधान होईपर्यंत पुरुषांनी तोंड मिटून चिखलात उभं राहायचं.