नसलेल्या हरिणीचं पाडस

राणी वारली, तेव्हापासून छोटी राजकन्या मृणालिनी फक्त माहिती विचारायची. नदी कुठे उगम पावते, हत्ती काय खातो. कुणी गोष्ट सुरू केली, की "हे खरं नाही" म्हणून तोंड फिरवायची. आई गेल्यावर ती एकदाही रडली नव्हती. राजा पार खचला होता. राजगुरू धरणीधरशास्त्री मात्र म्हणत, "गोष्टी म्हणजे खोटेपणा. पोर शहाणी आहे."

शेवटी राजाने गोष्टी सांगणाऱ्या भागूबाईला बोलावलं. शास्त्रीबुवांनी बजावलं, "दरबारात खोटं बोललीस तर हद्दपार."

भागूबाई राजकन्येजवळ बसली. "एक हरिणी चरायला गेली आणि जाळ्यात अडकली. झाडीत तिचं पाडस वाट बघत होतं."

"मग ती परत आली?" राजकन्येने विचारलं.

"अशी हरिणी कधी नव्हतीच, बाळ. परत कोण येणार?"

राजकन्या हुंदके देऊन रडू लागली.

"महाराज, हिने खोटं सांगून पोरीला रडवलं," शास्त्रीबुवा गरजले. "हिला हाकला."

"जाते मी," भागूबाई म्हणाली. "पण हरिणी खोटी, तर हे रडणं कुणासाठी, तेवढं सांगा."

राजाने डोळ्यांना शेला लावला.

राजकन्येने भागूबाईचा पदर घट्ट धरला. "ते पाडस एकटं काय करतं, ते सांग."